खुराड्यातली हिवाळ्याची गादी: नव्याने बदकं पाळणाऱ्यांसाठी

सुगी आवरत आली, खळी रिकामी झाली की आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर-जांबोटीच्या बाजूला पहाटे दाट धुकं उतरायला लागतं. नव्याने बदकं पाळलेल्या घरात तेव्हा हमखास एक प्रश्न निघतो: "ह्यांना थंडी वाजत नसंल काय ओ?" मग घरातलं एखादं पोरगं मोबाईलवर बघून सांगतं, एक फूट पेंढा घाला, सगळ्या फटी बुजवा, बल्ब लावा. सल्ला खोटा नसतो. फक्त तो जिथं बर्फ पडतो तिथला असतो. कॅनडात किंवा उत्तर युरोपात ओली गादी, म्हणजे बदकांखाली पसरलेला पेंढा-भुसा, रात्रीत गोठून दगड होते आणि बदकाच्या पायाची बोटं काळी पडून झडू शकतात. तिथं आठ-दहा इंचांचा थर घालतात तो त्यासाठी.

आपल्याकडचा हिवाळा वेगळा. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा बहुधा १३-१४ अंशांच्या आसपास असतो, एखाद्या रात्री १० च्या खाली उतरतो, आणि दुपारी परत २८-३०. बदकाच्या अंगावर बाहेरून तेलकट पिसं आणि त्यांच्या आत मऊ लवेचा थर असतो. पायातल्या रक्तवाहिन्याही अशा शेजारी-शेजारी असतात की खाली जाणारं गरम रक्त वर येणाऱ्या थंड रक्ताला वाटेतच ऊब देतं. धडधाकट मोठ्या बदकाला आपली थंडी काहीच नाही. त्याला त्रास होतो तो पोटाखालच्या ओलीचा. पिसं चिखलानं आणि विष्ठेनं माखली की त्यांचं तेल जातं, आतली लव भिजते, आणि भिजलेल्या लवेत ऊब टिकत नाही.

म्हणून आपल्या भागात गादी निवडताना "किती गरम?" हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, "किती कोरडी राहील?"

आधी पाण्याचं बघा

गादीचा खर्च करण्याआधी पाण्याची भांडी खुराड्याबाहेर काढा. हे एवढं केलं तरी निम्मं काम झालं म्हणा. बदक पाणी पितं कमी आणि सांडतं जास्त. चोच धुतं, डोकं बुडवतं, अंगावर उडवतं. त्यात त्याची विष्ठाही पातळ, बहुतेक पाणीच. दहा बदकं रात्रभर नुसती झोपली तरी सकाळपर्यंत गादीत बरंच पाणी गेलेलं असतं. वर आणखी आत पाण्याचं भांडं ठेवलं तर कुठलीही गादी चार दिवसांत चिखल होते.

मोठ्या बदकांना रात्रीचे आठ-दहा तास पाण्याविना चालतं. पण पाणी काढलं तर खाणंही काढा. कोरडा भरडा पाण्याशिवाय गिळताना बदकाच्या घशात अडकतो. संध्याकाळी बाहेरच भरपेट खाऊ-पिऊ घालायचं, अंधार पडायच्या सुमाराला आत घ्यायचं. पिल्लांना मात्र हा नियम लावू नका. त्यांचं पुढं वेगळं सांगतो.

दिवसाच्या आवारात पाण्याची जागा एकच ठेवा, आणि तीही खुराड्याच्या दारापासून लांब. तिथं हातभर खोल खड्डा काढून खडी भरा आणि वर टब ठेवा. सांडलेलं पाणी खडीत जिरतं. दारात पाणी ठेवलं की बदकं ओले पाय घेऊन थेट गादीवर जातात. हे मी दोन वर्षं केलं आणि दोन्ही वर्षं गादीला दोष देत बसलो.

जमीन कसली आहे?

खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला तांबडी माती आणि जांभा. पाणी लवकर निचरतं. तिथं नुसती जमीन सारखी करून तीन-चार इंच उंच केली तरी भागतं. गोकाक, अथणीकडं आणि चिकोडीच्या बऱ्याच भागात काळी माती. तिच्यावर कितीही गादी घाला, खालून ओल वर येतच राहते. काळ्या मातीवर आधी निदान सहा इंच मुरूम टाकून ठोकून घ्या आणि खुराड्याची जमीन आवारापेक्षा उंच ठेवा.

कोबा केला असेल तर धुवायला सोपं, पण तो थंड आणि कडक. त्यावर गादीचा थर जाड लागतो. शेणानं सारवलेली जमीन दिसते छान, कोंबड्यांना चालतेही, पण बदकाखाली तिचा आठवड्यात लगदा होतो. सासूबाईंनी हौसेनं सारवून दिलं असेल तर त्यांना आधीच सांगून ठेवा.

आता माल: कुठला घ्यायचा, कुठला नाही

इथं थोडं सविस्तर बोलावं लागेल. आपल्या जिल्ह्यात पश्चिमेला भात, उत्तरेला ऊस आणि तंबाखू, मधे शेंगा, मका, सोयाबीन. शेतातला उरलेला माल भरपूर, आणि प्रत्येकाचा गुण वेगळा.

*भाताचं तूस.* माझा पहिला कौल ह्याला. भात भरडला की वजनाच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढं तूस निघतं, म्हणजे गिरणीच्या मागं त्याचे ढीगच असतात. तुसात वाळूतलं सिलिका खूप, म्हणून ते लवकर कुजत नाही आणि एकमेकांना चिकटून त्याची पोळीही होत नाही. ते स्वतः फार पाणी पीत नाही, पण वर पडलेलं पाणी खाली जाऊ देतं आणि वरचा थर पटकन सुकतो. बदकाच्या सपाट पायाखाली हाच गुण लागतो. खोट एकच: नुसत्या तुसात ऊब कमी, आणि ते ओल्या चोचीला चिकटतं. गिरणीतून घेताना तूस मागा, कोंडा नव्हे. कोंडा बारीक, तेलकट, खाण्याचा. तो गादीत गेला की आठवड्यात बुरशी धरतो. आणि सुगीतच घेऊन ठेवा. वीटभट्टीवाले आणि बॉयलरवाले ट्रॉल्या भरून तूस उचलतात. उन्हाळ्याच्या तोंडाला गेलात तर गिरणीवाला म्हणतो, "आता कुठलं ओ, कालच गेलं सगळं."

*पिंजर, म्हणजे भाताचं गवत.* पोकळ काड्यांत हवा अडकते, म्हणून उबेला हेच सगळ्यात चांगलं. बदकं त्यात खळगा करून, पाय पोटाखाली घेऊन बसतात तेव्हा बघत राहावं. पण पिंजर ओलं झालं की चेपतं. वरून कोरडं दिसतं आणि खाली चटईसारखा पापुद्रा बनून त्याच्याखाली अमोनिया, म्हणजे विष्ठेतून सुटणारा झोंबरा वायू, कोंडतो. म्हणून पिंजर एकटं नको. खाली तूस, वर पिंजर.

घरात जनावरं असतील तर इथं एक भांडण ठरलेलं. "म्हशीच्या तोंडचं गवत बदकाच्या पायाखाली घालतोस?" असं आमच्याकडं आबांनी विचारलं होतं, आणि त्यांचं चूकही नव्हतं. तोड अशी निघाली: गव्हाणीत उरलेलं चगाळ दोन दिवस उन्हात खडखडीत वाळवायचं आणि तेच बदकांना घालायचं. म्हशीच्या लाळेनं ते दमट असतं, त्यामुळं न वाळवता कधीच घालू नका.

*रंध्याचा भुसा.* सुताराकडं दोन प्रकारचा भुसा मिळतो. रंधा मारल्यावर निघणाऱ्या कुरळ्या सालपट्या चांगल्या. त्या पाणी शोषतात आणि मऊ असतात. करवतीखालचा बारीक भुसा नको. त्याची धूळ बदकांच्या नाकातोंडात जाते, आणि ओला झाला की त्याचा गोळा होतो. प्लायवूड, एमडीएफ कापलेल्या ठिकाणचा भुसा घेऊ नका, त्यात डिंक आणि रसायनं असतात. आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही: सुताराच्या भुशात खिळे, स्क्रू, तारेचे तुकडे असतात, आणि चमकणारी वस्तू दिसली की बदक ती गिळतं. जस्ताचा मुलामा असलेला खिळा पोटात राहिला तर विषबाधा होते. जुन्या स्पीकरचा लोहचुंबक दोरीला बांधून भुशातून दोनदा फिरवा. पहिल्याच वेळी काय काय निघतं ते बघून तुम्हीच मला दुवा द्याल.

*उसाचं चिपाड.* निपाणी, चिकोडी, हुक्केरीकडं हे फुकटात दिसतं, म्हणून मोह होतो. खडखडीत वाळलेलं चिपाड पाणी चांगलं शोषतं. पण गुऱ्हाळावरून आणलेल्या ओल्या चिपाडात साखर असते. ते आंबतं, मुंग्या धरतं आणि आतून तापून बुरशी येते. कुजक्या चिपाडाची धूळ सतत फुफ्फुसात गेल्यानं माणसांना होणारा एक आजारच आहे, बॅगॅसोसिस. तेव्हा चिपाड घ्यायचंच तर आठ-दहा दिवस उन्हात उलटसुलट करून, आणि सालाचे धारदार तुकडे बाजूला काढून. एवढी मेहनत करणार नसाल तर ते चुलवाणातच जाऊ द्या.

*शेंगांची टरफलं.* हलकी, कोरडी, तुसासारखीच चालतात. पण माझा हात इथं आखडतो. शेंगेवर ओलीत वाढणारी बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते, आणि ह्या विषाला बदकाची पिल्लं फार हळवी. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखावर टर्की पक्षी मेले आणि बदकाची पिल्लंही मेली; शोध घेता घेता बोट शेंगपेंडेतल्या बुरशीवर गेलं, आणि तिथून जगाला हे विष कळलं. टरफलात राहिलेले फुटके, काळे दाणे बदकं शोधून शोधून खातात. नवख्या माणसानं टरफलं टाळावीत हे बरं. घालायचीच तर ह्या वर्षीची, पाखडलेली, आणि मोठ्या बदकांनाच.

*तंबाखूचं काहीही नको.* निपाणी भागातल्या लोकांना हे मुद्दाम सांगतो. तंबाखूच्या काड्या, देठ, चुरा सुका आणि फुकट मिळतो, "किडे येत नाहीत" म्हणून कुणी सुचवतंही. निकोटीन ओलीत उतरतं आणि कातडीतून अंगात जातं, आणि बदक तर पायाखालची प्रत्येक गोष्ट चोचीत घेऊन बघतं. ज्या पोत्यात तंबाखू भरली होती ते पोतं पडदा म्हणूनसुद्धा वापरू नका.

बाकीचं थोडक्यात. उसाचं पाचट पाणी शोषत नाही आणि पात्याच्या कडा कापतात. ते आवारातल्या चिखलवाटेवर टाकायला ठीक, झोपायला नको. सोयाबीनचं भुसकट शोषतं बरं, पण त्यातल्या खुंटांची टोकं टोचतात. चाळून घेतलं तर तुसात मिसळता येईल. कडब्याची ताटं बदकाखाली निरुपयोगी. वाळू पाण्याच्या जागेभोवती उत्तम, रात्रीच्या गादीला थंड. झाडांची वाळलेली पानं पूर्ण कोरडी असतील तर थोडी चालतील. तळ्याकाठचं गवत, लव्हाळा कापून आणू नका. हिवाळ्यात तळ्यांवर बाहेरची रानबदकं उतरलेली असतात, त्यांच्या विष्ठेतून बर्ड फ्लूसारखा रोग घरात यायला एक भारा पुरतो.

विकत घेण्याआधी तीन परीक्षा

ऑक्टोबरचा परतीचा पाऊस किंवा नोव्हेंबरात अवेळी आलेली सर, दोन्हीत कापलेलं भात शेतात भिजतं. ते गवत नंतर वाळवून गंजी घालतात आणि वरून सोन्यासारखं दिसतं. पहिल्या वर्षी मी असंच अर्धी ट्रॉली गवत घेतलं. आत हात घालून बघितलं नाही. घरी पेंढ्या सोडल्या तेव्हा मधोमध काळपट ठिपके आणि ओल्या घरात येतो तसा वास. बदकाची फुफ्फुसं आणि त्यांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या बुरशीपुढं फार नाजूक असतात. बुरशीचे कण आत गेले की तिथंच वाढतात, बदक तोंड उघडं टाकून श्वास घेतं, आणि त्यावर खात्रीचं औषध नाही. सगळं गवत उकिरड्यावर गेलं.

तेव्हापासून गंजीच्या मधली पेंढी काढायला लावतो. नाकाशी धरून वास घेतो. गवताला गवताचाच वास हवा. मग पेंढी उन्हाकडं धरून जोरात झटकतो. जड धूळ खाली पडली तर ती माती, ठीक आहे. धुरासारखी पांढरट-हिरवट पूड हवेत तरंगत राहिली तर पैसे खिशात ठेवून परत यायचं. शेवटी चार काड्या वाकवतो. कोरडी काडी कडकन मोडते, दमट काडी नुसती वाकते.

तुसाचं सोपं: पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचा. आत गरम लागलं तर ते ओलं भरलंय.

यंत्रानं गठ्ठे बांधलेलं गवत असेल तर नायलॉनची दोरी कापून, मोजून, बाहेर टाका. बदक ती गिळतं किंवा पायात गुंडाळून घेतं.

किती लागेल?

दहा बदकांना रात्री झोपायला निदान ४० चौरस फूट जागा धरा, म्हणजे सहा बाय सात फुटांचं खुराडं. त्यात तीन इंच तूस घालायला साधारण ३०० लिटर माल लागतो. ५० किलो तांदळाच्या रिकाम्या पोत्यात तूस जेमतेम सात-आठ किलो मावतं, तेव्हा सुरुवातीला पाच पोती. हिवाळाभर वर घालत राहायला आणखी सहा-सात पोती जवळ असू द्या. पिंजर वर चार इंच. हलकं पसरलं तर पंधरा-वीस पेंढ्यांत भागतं, पेंढी केवढी बांधलीय त्यावर आहे.

साठा खुराड्याला चिकटून करू नका. गवतात उंदीर येतात, उंदरांमागं घोणस येते. फळ्यांवर, जमिनीपासून वीतभर उंच, दहा-पंधरा पावलं लांब. आणि संध्याकाळी अंधारात गंजीत हात घालण्याआधी काठीनं हलवून बघा.

गादी घालणं

सकाळी ऊन पडल्यावर घाला, म्हणजे जमिनीवरचं दव उडालेलं असतं. आधी तूस तीन इंच, सगळीकडं सारखं. त्यावर एक दिवस बदकं झोपू द्या. दुसऱ्या दिवशी ती कुठं गोळा होऊन बसतात ते कळतं. बहुतेक दारापासून लांबच्या, वारा न लागणाऱ्या कोपऱ्यात. पिंजर मुख्यतः तिथं घाला. सगळीकडं सारखं पसरण्याची हौस फुकट जाते. पेंढ्या विळ्यानं मधोमध कापून घ्या, लांब काड्या पायात अडकतात आणि नंतर उचलतानाही त्रास.

अंड्यावर असतील तर कोपऱ्यात दोन विटा आडव्या ठेवून मागं पिंजराचा वाफा करा. बदकं अंडी बहुतेक पहाटे, आठ-नऊ वाजायच्या आत घालतात. खाकी कॅम्पबेल जात चांगली पाळली तर वर्षाला २८०-३०० अंडी देते, आणि ती सगळी तुम्हाला ह्याच गवतातून वेचायची आहेत. चिखलातलं अंडं धुऊन विकता येतं, पण धुतलेलं अंडं टिकत नाही.

मस्कव्ही जातीची बदकं असतील तर त्यांना वीतभर उंच रुंद फळी द्या. ती मूळची उष्ण प्रदेशातली, उंचावर बसणारी. तिच्या तोंडावरचं उघडं लाल कातडं थंडीला जास्त हळवं असतं.

हवा कोंडू नका

पहिल्या हिवाळ्यात मी खुराड्याला चारही बाजूंनी ताडपत्री गुंडाळली होती. सकाळी आत गेलो तर ताडपत्रीच्या आतून पाणी ठिबकत होतं. बदकांच्या श्वासाचंच पाणी, परत त्यांच्याच अंगावर. दहा दिवसांत डोळ्यांतून पाणी येणारी दोन आणि लंगडणारं एक. लंगडणाऱ्याच्या तळव्याला मधोमध काळी खपली होती. ओल्या, घाण गादीवर कातडी मऊ पडते, टोचतं, त्यातून जंतू आत जातात आणि तळव्यात गाठ होते. पशुवैद्याला दाखवून महिनाभर मलमपट्टी करावी लागली.

पावसात पश्चिमेकडून येणारा वारा हिवाळ्यात बहुतेक पूर्वेकडून सुटतो. पूर्व बाजूला जमिनीपासून दोन-अडीच फूट, म्हणजे बसलेल्या बदकाच्या डोक्याच्या वरपर्यंत, गोणपाट लावा. त्याच्या वर आणि छपराखाली जाळी उघडीच ठेवा. झोत बदकाला लागायला नको, पण दमट हवा वरून निघून जायला हवी. जाळी बारीक आणि मजबूत घ्या, मुंगसाला आणि उदमांजराला हिवाळा-उन्हाळा काही नसतो.

मोठ्या बदकांना बल्ब लावू नका. कोरडं पिंजर आणि लोंबती वायर एकत्र आल्यावर काय होतं ते वेगळं सांगायला नको.

रोजचं आणि आठवड्याचं काम

कोंबड्यांच्या गादी पद्धतीबद्दल तुम्ही ऐकलं असेल: एकदा तूस घातलं की वर्षभर बघायला नको. ते बदकांना लागू नाही. कोंबडी दिवसभर पायांनी उकरते, तिचं तिनंच गादी खालीवर करून सुकवते. बदक उकरत नाही. त्याचे पाय पापडासारखे सपाट; ते गादी थापून थापून घट्ट करतं. त्यामुळं उकरण्याचं काम आपल्याला करावं लागतं.

सकाळी बदकं बाहेर सोडली की दाताळ घेऊन पाच मिनिटं. जिथं भिजून काळं झालंय तेवढंच बुट्टीत भरून बाहेर, बाकीचं खालीवर करून दार उघडं. दुपारच्या उन्हानं आणि वाऱ्यानं आपल्याकडं गादी सुंदर सुकते. बर्फाच्या देशातल्या लोकांना हे सुख नाही, ते आपण वापरून घ्यावं. संध्याकाळी बदकं आत यायच्या आधी मूठभर कोरडं पिंजर झोपायच्या जागी. आठवड्यातून एकदा बुट्टी-दोन बुट्ट्या नवं तूस.

गादीची ओल मुठीनं कळते. मधल्या थरातली मूठभर घ्या आणि दाबा. हात उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ओली आहे, कोरडा माल मिसळा. थोडं चिकटून लगेच सुटलं तर बरोबर. चिकटलंच नाही आणि धूळ उडाली तर जास्तच कोरडी.

अमोनियाची परीक्षा उभं राहून होत नाही. खुराड्यात उकिडवे बसा, नाक बदकाच्या उंचीला न्या आणि दोन मोठे श्वास घ्या. नाकात झोंबलं किंवा डोळे चुरचुरले तर त्याच दिवशी खालपर्यंत साफ करा. हवेत २५ पीपीएमच्या (दहा लाख भागांत पंचवीस भागांच्या) वर अमोनिया पक्ष्यांना बाधतो आणि आपलं नाक त्याच्या आधीच सांगतं, पण रोज आत जाणाऱ्या नाकाला सवय होते. म्हणून मी महिन्यातून एकदा शेजारच्या काकूंना आत बोलावतो. त्यांचं तोंड बघूनच कळतं.

ओल्या जागी चुना मारायची आपल्याकडं रीत आहे. बदकं आत असताना नको. ओल्या पायाला चुना चावतो, आणि ओल्या विष्ठेत चुना पडला की अमोनिया उलट जास्त सुटतो. राखेचंही तेच.

पिल्लं

पिल्लांचं गणित उलटं: त्यांना ऊबही हवी आणि पाणीही जवळ हवं. यंत्रात उबवलेल्या पिल्लाच्या अंगाला आईचं तेल लागलेलं नसतं, ते भिजलं की गारठतं. पहिले तीन-चार दिवस तूस उघडं ठेवू नका, पिल्लं खाणं समजून तेच खातात. वर गोणपाट पसरा, सुटे दोरे कापून. वर्तमानपत्र गुळगुळीत असतं, त्यावर पाय फाकून पिल्लू कायमचं अधू होऊ शकतं.

पाण्याचं भांडं एका बाजूला, जाळीच्या चौकटीवर, खाली ताट. म्हणजे सांडलेलं गादीत जात नाही. भांडं असं की चोच बुडेल पण पिल्लू आत पडणार नाही. पहिल्या आठवड्यात उबेखाली ३०-३२ अंश, पुढं दर आठवड्याला तीनेक अंश कमी. थर्मामीटर नसला तरी पिल्लं सांगतात: दिव्याखाली एकमेकांवर चढली तर थंडी, कडेला जाऊन चोच उघडून बसली तर उष्णता. इथं बल्ब लागतो, तो साखळीनं टांगा, नुसत्या वायरीनं नको. पिल्लांखाली पिंजर नको, तूस किंवा रंध्याच्या सालपट्याच, आणि रोज बदल.

काढायची कधी, टाकायची कुठं

वास आला नाही तर मधे पूर्ण गादी काढू नका. खालचा थर हळूहळू कुजताना थोडी ऊब देतो, ती जानेवारीत उपयोगी. संक्रांतीनंतर पिंजर घालणं कमी करत आणा आणि होळीच्या सुमाराला खोऱ्यानं सगळं तळापर्यंत काढा. जमीन दोन-तीन दिवस उन्हात तापू द्या. चुना मारायचा तो आता, खुराडं रिकामं असताना. झाडून काढून मगच बदकं आत.

काढलेली गादी बदकांच्या वाटेत ढीग करून ठेवू नका. ओल्या ढिगात अळ्या होतात, बदकं त्यावर तुटून पडतात, आणि सडक्या ढिगातल्या अळ्यांतून त्यांना मान लुळी पडणारा विषबाधेचा रोग होतो. ढीग कुंपणापलीकडं घाला आणि पाचटानं झाका. ताजी गादी पिकाच्या मुळाशी घातली तर रोपं करपतात, आणि तूस कुजायला वेळ घेतं, म्हणून अधूनमधून पाणी मारून एकदा-दोनदा उलथा. मृगाच्या पावसाआधी ती काळी, भुसभुशीत झाली की रताळ्याच्या सऱ्यांत जाते. आमच्याकडं त्या ढिगावर आता आबांचा हक्क आहे. गवतावरून बोलणारे तेच, आणि पहिली बुट्टी भरून नेणारेही तेच.